विमानतळ आला, पण पैसा थांबला का? सेंट हेलेना बेटाचं अर्थकारण आणि आपला मराठवाडा

प्रश्न उदगीरच्या एका विद्यार्थ्याचा आहे. लातूरला खोली करून राहतो, स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. त्याने विचारलं आहे, “सर, अटलांटिक महासागरातल्या सेंट हेलेना या स्वतःच्या अखत्यारीतल्या बेटावर ब्रिटनने २८.५ कोटी पौंड खर्चून विमानतळ बांधला. तरी बेटाचा कारभार अजून ब्रिटनच्या अनुदानावरच चालतो असं वाचलं. इकडे तर रेल्वे आली, विमानतळ आला, चौपदरी रस्ता झाला की मराठवाड्याचं भलं होणारच, असं जो तो सांगतो. मग खरं काय धरायचं? आणि एवढ्याशा बेटाचं पोट चालतं तरी कशावर?”

शेवटचा प्रश्न आधी घेतो. त्याचं उत्तर लागलं की पहिल्याचंही लागेल.

माझी नोकरी बँकेत गेली. त्यातला मोठा काळ मराठवाड्यातल्या जिल्ह्यांचे पतआराखडे, म्हणजे बँकांनी कुठे किती कर्ज द्यायचं याचे आराखडे, करण्यात गेला. कुठल्याही तालुक्याचा आराखडा करायला बसलो की आम्ही तीन गोष्टी शोधायचो: बाहेरून पैसा कशामुळे येतो, आल्यावर किती हातांतून फिरतो आणि कुठल्या वाटेने बाहेर जातो. तालुक्याच्या बाबतीत हा हिशोब कधीच पुरता जुळत नाही, कारण तालुक्याला कुंपण नसतं. लातूरचा माल सोलापुरात विकला जातो, देगलूरचा माणूस तेलंगणात बाजार करून येतो. बेटाचं तसं नसतं. तिथे येणारी प्रत्येक वस्तू जहाजाने नाहीतर विमानाने येते आणि तिची नोंद होते. म्हणून ज्याला अर्थशास्त्र पाठ करायचं नाही, समजून घ्यायचं आहे, त्याने एक तरी छोटं बेट नीट अभ्यासावं. सेंट हेलेना त्यासाठी फार चांगलं उदाहरण आहे.

बेटाचं क्षेत्रफळ साधारण १२२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या महसूल मंडळाएवढं. लोकसंख्या साडेचार हजारांच्या आत. आफ्रिकेचा किनारा सुमारे १,९५० किलोमीटर दूर. १५०२ मध्ये पोर्तुगीज खलाशांना ते सापडलं तेव्हा तिथे माणूस नव्हता. १६५९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ते ताब्यात घेतलं, आणि का घेतलं हे समजणं महत्त्वाचं. सुरत, मुंबई, मद्रासहून माल भरून इंग्लंडला परतणारी जहाजं आफ्रिकेचं दक्षिण टोक ओलांडून याच बाजूने जायची. महिनोन्महिने समुद्रावर काढलेल्या खलाशांना गोडं पाणी, ताजा भाजीपाला, मटण लागायचं. बेटाने ते पुरवायचं आणि पैसे घ्यायचे. बेटाचं पहिलं उत्पन्न असं त्याच्या जागेमुळे आलं.

वाट बदलली आणि हे उत्पन्न आटलं. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला. वाफेच्या जहाजांना तसेही कमी थांबे लागू लागले होते. १८५५ मध्ये वर्षाला १,१०० च्या आसपास जहाजं बेटावर थांबत होती. १८८९ मध्ये ती २८८ वर आली. बेटाच्या लोकांनी काही चुकीचं केलं नव्हतं, त्यांचं पाणी खारट झालं नव्हतं. हजारो मैलांवर कुणीतरी कालवा खणला, एवढंच.

मराठवाड्याला हे नवीन वाटायला नको. धाराशिव जिल्ह्यातलं तेर आज खेडं आहे. लोक गोरोबाकाकांच्या दर्शनाला जातात आणि रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं वस्तुसंग्रहालय बघून येतात. पण पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या नोंदीत पैठण आणि तगर, म्हणजे तेर, या दोन्ही बाजारपेठांचा उल्लेख आहे. इथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरापर्यंत जायचा. संग्रहालयातल्या रोमन वळणाच्या वस्तू त्याची साक्ष देतात. पुढे व्यापाराच्या वाटा सरकल्या आणि तेर मागे पडलं. ज्या गावाची मिळकत दुसऱ्याच्या वाटेवर असते, त्याचं नशीबही त्या वाटेबरोबर सरकतं.

आता बेटाच्या दुसऱ्या मिळकतीकडे ये. ती फार कमी लोकांच्या लक्षात येते. सेंट हेलेनाला बरकत यायची ती कैदी आल्यावर. १८१५ ते १८२१ नेपोलियन तिथे होता. त्याच्या पहाऱ्यासाठी फौज आली, फौजेसाठी रसद आली, भाव चढले, हाताला काम मिळालं. १८९० मध्ये झुलू राजा दिनुझुलू याला तिथे धाडलं. १९०० ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातले सहा हजारांच्या आसपास युद्धकैदी बेटावर होते. तेवढ्याने बेटावरची माणसं दुपटीच्या आसपास गेली, आणि दुकानदारांना ते दिवस चांगले गेले. कैदी सुटले, फौज गेली, पैसाही गेला. सरकारी खर्चावर उभी राहिलेली भरभराट सरकारी हुकूमाबरोबर उठून जाते. हे तुझ्या वहीत उतरवून ठेव, पुढे विमानतळाच्या वेळी लागेल.

यानंतर बेटाने काहीतरी पिकवायचं, बनवायचं आणि विकायचं ठरवलं. ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण बेटाच्या इतिहासात मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेला भाग हाच.

न्यूझीलंड फ्लॅक्स नावाचं एक झुडूप असतं. पुरुषभर उंच, लांब पात्याच्या पानांचं, आपल्या घायपातासारखं पानातून वाख देणारं. १८७० च्या दशकात एक प्रयत्न फसला होता. १९०७ पासून सरकारने पुन्हा गिरणी सुरू केली आणि या वेळी धंदा रुजला. डोंगरउतारांवर फ्लॅक्स लावलं गेलं. पानं कापायची, भारे बांधायचे, गाढवांच्या पाठीवरून गिरणीत आणायचे. गिरणीतल्या यंत्रात हिरवा गर खरवडून निघायचा, उरलेले धागे माळावर पसरून वाळवायचे, गठ्ठे बांधायचे आणि जहाजात चढवायचे. दोन्ही महायुद्धांच्या काळात भाव चढे राहिले. १९५० नंतर कोरियाच्या युद्धाने आणखी चढले. कापणारे, वाहणारे, गिरणीतले, बंदरावरचे अशा शेकडो घरांच्या चुली या एका झुडपावर पेटत होत्या.

हा वाख घेत कोण होतं? मोठं गिऱ्हाईक ब्रिटनचं टपाल खातं. पत्रांचे गठ्ठे आणि टपालाच्या थैल्या बांधायला त्याची सुतळी लागायची. १९६० च्या दशकात टपाल खात्याने कृत्रिम धाग्याची दोरी घ्यायचं ठरवलं. जहाजभाडं आणि मजुरी वाढत चाललीच होती, त्यात हे घडलं. १९६६ मध्ये बेटावरची शेवटची गिरणी बंद झाली. लंडनमधल्या एका कार्यालयातल्या खरेदीच्या निर्णयाने एका मुलखाचा एकमेव उद्योग संपला. फ्लॅक्स मात्र अजून तिथेच आहे. डोंगरमाथ्यावरचं मूळचं धुक्यातलं जंगल तोडून ते लावलं होतं, आज ते कापून पुन्हा जंगल लावण्यासाठी वेगळा पैसा खर्च होतो.

आपल्याकडे घायपात आणि अंबाडी होती. बांधावरच्या अंबाडीच्या काड्या ओढ्यात भिजत घालायच्या, कुजल्या की साल सोलून वाख काढायचा, वळून दावी, कासरे, चऱ्हाटं करायची. मातंग समाजातल्या कित्येक कुटुंबांचा हा पिढीजात धंदा होता. नायलॉनची दोरी आठवडी बाजारात आली आणि तो मोडला. पण इथे फरक बघ. आपल्या दोरीला गावोगावचा शेतकरी गिऱ्हाईक होता, म्हणून धंदा हळूहळू, एकेका बाजारातून मागे हटत गेला आणि माणसांना दुसरं काही धरायला थोडा तरी वेळ मिळाला. सेंट हेलेनाचं गिऱ्हाईक एकच होतं. त्यामुळे सगळं एकदम बसलं. बँकेत कर्जाचा प्रस्ताव आला की माल किती चांगला आहे याच्याआधी मी घेणारे किती आहेत ते विचारायचो. एकाच कंपनीला सुटे भाग देणारा कारखानदार कितीही प्रामाणिक असला, तरी त्याचं कर्ज जोखमीचंच असतं.

गिरण्या गेल्यावर बेटाकडे विकायला उरलं ते मनुष्यबळ. सुमारे १,३०० किलोमीटरवर असेन्शन नावाचं आणखी एक बेट आहे. तिथे अमेरिकेचा आणि ब्रिटनचा हवाई तळ, बीबीसीचं प्रक्षेपण केंद्र, पूर्वी समुद्राखालच्या तारांचं ठाणंही. त्या बेटावर कायमची वस्ती करायला परवानगी नाही. नोकरीचा करार असेपर्यंत राहायचं, संपला की निघायचं. सेंट हेलेनाची माणसं पिढ्यान् पिढ्या तिथे कामाला जात आली. १९८२ च्या अर्जेंटिनाविरुद्धच्या युद्धानंतर दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवर ब्रिटनचा मोठा तळ उभा राहिला, तेव्हा तिकडेही जाऊ लागली. आई-बाप परमुलखात, लेकरं आजी-आजोबांकडे, आणि दर महिन्याला येणारे पैसे. बीड, धारूर, केज, वडवणीच्या कोणत्याही वाडीत हे चित्र आहे. दिवाळी झाली की कोयता निघतो, उन्हाळ्यात परततो, आणि मधले महिने गावात म्हातारी माणसं व पोरं असतात.

या दोन स्थलांतरांत एक मोठा फरक आहे आणि तो पैशाच्या वेळेचा आहे. सेंट हेलेनाचा माणूस काम केल्यावर पैसे पाठवतो, त्यातून घर बांधतो, शिलकीत टाकतो. आपला ऊसतोड कामगार निघायच्या आधीच मुकादमाकडून उचल घेतो. ती जुन्या देण्यात, लग्नात, दवाखान्यात संपलेली असते. हंगामभर जोडप्याने राबायचं ते फिटवण्यासाठी. फिटलं नाही तर बाकी पुढच्या वर्षावर चढते. म्हणून एवढी माणसं बाहेर जाऊन कमावतात, तरी त्यांच्या गावात भांडवल साठत नाही. बीड जिल्ह्याच्या कष्टाला मी कधीच कमी लेखणार नाही. तिथे कमी पडलंय ते उचलीऐवजी वेळेवर मिळणारं, साधं कर्ज, म्हणजे कष्ट आधी आणि पैसा नंतर असा क्रम लागेल.

सेंट हेलेनाच्या लोकांना १९८१ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क गमवावा लागला होता. २००२ मध्ये पूर्ण नागरिकत्व परत मिळालं. न्याय झाला, पण त्यानंतर तरुण माणसं मोठ्या संख्येने ब्रिटनला गेली, आणि पाच हजारांच्या आसपास असलेली लोकसंख्या काही वर्षांतच चार हजारांच्या घरात उतरली. दार उघडलं की ते दोन्ही बाजूंनी उघडतं.

आता आजचा हिशोब. बेटाला ब्रिटनकडून दरवर्षी साधारण तीन कोटी पौंडांच्या घरात अनुदान मिळतं, म्हणजे माणशी सात हजार पौंडांच्या आसपास. बेटावर सगळ्यात जास्त नोकऱ्या देणारं सरकारच. शाळा, दवाखाना, वीज, रस्ते, सगळीकडचे पगार याच पैशातून. न्यूझीलंडचे अभ्यासक बर्ट्राम आणि वॉटर्स यांनी १९८५ मध्ये प्रशांत महासागरातल्या बेटांचा अभ्यास करून हा नमुना मांडला: माणसं बाहेर जातात, घरी पैसे पाठवतात, मोठा देश अनुदान देतो आणि त्यावर सरकारी नोकऱ्या चालतात. परीक्षेत छोट्या बेटांवर प्रश्न आला तर ही मांडणी जरूर लिही. त्यांचं म्हणणं असं की ही व्यवस्था वर्षानुवर्षं टिकून राहू शकते, तिला तात्पुरती समजू नका. सेंट हेलेना त्याच चौकटीत बसतं.

पण एवढं अनुदान जर येतं, तर त्यातून बेटावर उद्योग का फुलत नाहीत? कारण पैसा येतो आणि लगेच निघून जातो. समजण्यापुरते आकडे धरू. बेटावरच्या परिचारिकेला १०० पौंड पगार मिळाला. ती किराणा घेते. तो केप टाउनहून जहाजाने आलेला. गाडीत तेल भरते; तेही बाहेरचं. मोबाइल, कपडे, औषध, सिमेंट, सगळं बाहेरचं. धर, की बेटावरच्या माणसाच्या खिशात १०० पैकी फक्त २० राहिले, भाजीवाल्याच्या, सुताराच्या, दुकानदाराच्या नफ्याच्या रूपाने. तो सुतार त्या २० मधले ४ बेटावर खर्च करतो. पुढे एकाहून कमी. बेरीज केली तर १०० पौंडांतून बेटावर एकूण १२५ चं उत्पन्न तयार होतं. जिथे दर फेरीला निम्मा पैसा थांबतो, तिथे त्याच १०० चे २०० होतात. अनुदान तेवढंच, परिणामात जमीन-अस्मानाचा फरक. आपल्या पाणलोटाच्या कामात सांगतात ना, धावत्या पाण्याला चालायला लावा, चालत्याला थांबवा, थांबलेल्याला जिरवा. पैशाचं अगदी तसंच आहे. पाऊस किती मिमी पडला यावर विहिरीची पातळी ठरत नाही.

बँकेच्या नजरेने आणखी एक गोष्ट सांगतो. बेटाचं स्वतःचं चलन आहे, सेंट हेलेना पौंड, ब्रिटिश पौंडाशी एकास एक. छापलेल्या नोटांमागे ब्रिटिश पौंडातली मत्ता ठेवावी लागते. शिवाय बेटावर लोकांच्या ठेवी आहेत, पण कर्ज घेऊन धंदा काढणारे थोडे, म्हणून शिल्लक पैसा बाहेर गुंतवला जातो. गरीब मुलूख असा आपला पैसा श्रीमंत मुलखाला वापरायला देतो. मराठवाड्यातल्या ज्या शाखेत कर्ज-ठेव गुणोत्तर, म्हणजे ठेवींच्या मानाने दिलेली कर्जं, खाली असतं तिथे हेच घडतं. जालन्याच्या निवृत्त शिक्षकाची ठेव मुंबई-पुण्याच्या कर्जात वापरली जाते. यात बेकायदा काही नाही. पण मागास भागाच्या दुखण्यात याचा मोठा वाटा आहे, आणि विकासाच्या भाषणांत तो फारसा ऐकू येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता विमानतळाकडे. याआधी बेटावर जायला एकच साधन होतं, आरएमएस सेंट हेलेना हे जहाज, केप टाउनहून जवळजवळ पाच-सहा दिवसांचा प्रवास. ब्रिटनचा विचार असा की विमान सुरू झालं की पर्यटक येतील, पर्यटकांच्या पैशावर बेट उभं राहील आणि अनुदान हळूहळू बंद करता येईल. २०११ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतल्या एका कंपनीशी करार झाला. एक अख्खी दरी दगड-मातीने भरून १,९५० मीटरची धावपट्टी तयार केली. अभियांत्रिकी म्हणून काम मोठंच आहे. पण यंत्रं बाहेरची, सिमेंट बाहेरचं, डिझेल बाहेरचं, ठेकेदार बाहेरचा, कुशल कामगार बरेचसे बाहेरचे. २८.५ कोटी पौंड बेटासाठी खर्च झाले, बेटावर त्यातला लहानसा भाग फिरला. बांधकाम चालू असेपर्यंत घरभाडी वाढली, काम मिळालं. संपल्यावर ते ओसरलं. बोअर कैद्यांच्या वेळची नोंद आता काढून बघ.

एप्रिल २०१६ मध्ये चाचणीचं बोइंग विमान उतरवताना धावपट्टीजवळचा वारा अचानक दिशा आणि वेग बदलतो हे उघड झालं. मे महिन्यातलं उद्घाटन पुढे ढकललं. खरं तर चार्ल्स डार्विन १८३६ मध्ये बेटावर आला होता, तेव्हा त्यानेही तिथल्या झोडपणाऱ्या वाऱ्याबद्दल लिहून ठेवलं होतं. शेवटी १४ ऑक्टोबर २०१७ ला जोहान्सबर्गहून नियमित सेवा सुरू झाली, लहान एम्ब्रेअर विमानाने, प्रवासीसंख्येवर मर्यादा ठेवून. २०२० मध्ये करोनामुळे तीही बंद पडली, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. पर्यटक येतात, पण वर्षाला काही हजारांच्या पुढे गणित गेलेलं नाही. एकच विमान कंपनी, महागडं तिकीट, मोजक्या खोल्या. पर्यटकाच्या ताटातलंही बरंचसं जहाजानेच आलेलं.

म्हणून विमानतळ वाया गेला असं मी म्हणणार नाही, आणि तूही उत्तरात तसं लिहू नकोस. गंभीर आजारी माणसाला आता जहाजाची वाट बघत बसावं लागत नाही, काही तासांत दक्षिण आफ्रिकेच्या रुग्णालयात नेता येतं. बापाच्या शेवटच्या आजारात ब्रिटनहून लेक वेळेवर पोहोचते. याची किंमत पौंडात लावता येत नाही, पण ती मोठी आहे. चूक विमानतळ बांधण्यात नव्हती. विमानतळ आला की अनुदान आपोआप सुटेल या अपेक्षेत होती. २०२३ मध्ये इक्वियानो या सागरी तारेतून बेटाला वेगवान इंटरनेट मिळालं. माझा अंदाज असा की दूरगामी फायदा विमानापेक्षा यातून जास्त होईल, कारण तारेतून जाणाऱ्या कामाला जहाजभाडं लागत नाही आणि तरुणाला कामासाठी बेट सोडावं लागत नाही.

आता तुला वाटेल की लहान बेटाच्या नशिबी हेच. तसं नाही. फॉकलंड बेटांचं बघ. तीही ब्रिटनच्याच अखत्यारीतली, लोकसंख्या साडेतीन हजारांच्या आसपास. शंभराहून जास्त वर्षं तिथे फक्त मेंढ्या आणि लोकर. जमिनी मुख्यतः इंग्लंडमधल्या मालकांच्या, त्यामुळे नफाही तिकडेच. १९७६ मध्ये लॉर्ड शॅकल्टन यांच्या समितीने अहवाल दिला. बेटांवर जेवढा पैसा गुंतवला जातो त्याहून जास्त बाहेर ओढला जातो, हे त्यात दाखवलं होतं. १९८२ च्या युद्धानंतर त्यांनी पुन्हा अहवाल दिला. पुढे मोठी कुरणं फोडून तिथेच राहणाऱ्या कुटुंबांना देण्यात आली. १९९१ मध्ये फॉकलंड आयलंड्स कंपनीच्या जमिनी बेटांच्या सरकारने विकत घेतल्या.

त्याहून मोठी गोष्ट समुद्रात घडली. परदेशी जहाजं आजूबाजूच्या पाण्यातून माखूळ, म्हणजे स्क्विड, भरभरून नेत होती आणि बेटांना छदामही देत नव्हती. १९८६ मध्ये १५० सागरी मैलांचं मासेमारी क्षेत्र जाहीर झालं आणि १९८७ पासून परवाना शुल्क सुरू झालं. सरकारचं उत्पन्न काही पटींनी वाढलं. संरक्षणाचा भार सोडला तर बेटं आपला खर्च आपण भागवू लागली. २००५ नंतर मासेमारीचे हक्क दीर्घ मुदतीने देताना स्थानिक कंपन्यांची भागीदारी आणली, म्हणजे शुल्काबरोबर नफ्यातलाही वाटा बेटावर राहू लागला. वर्ष चांगलं असताना शिल्लक बाजूला टाकली. तिचा उपयोग आहे, कारण माखूळ एखाद्या वर्षी येतच नाही. २०२४ मध्ये साठा कमी दिसल्यावर एक हंगामच रद्द करावा लागला.

मग सेंट हेलेनाने हेच का नाही केलं? तिथली जमीनच वेगळी आहे. फॉकलंड उथळ, मासळीने समृद्ध सागरमंचावर बसलेलं आहे. सेंट हेलेना म्हणजे खोल समुद्रातून वर आलेलं ज्वालामुखीचं टोक. किनारा सोडला की लगेच तळ खोल जातो. ट्यूना येतो, गळाने एकेक पकडतात, पण त्यावर सरकार चालत नाही. एका बेटाचा उपाय दुसऱ्याला जसाच्या तसा लागू होत नाही, हे धोरण आखणारे फार लवकर विसरतात. प्रशांत महासागरातल्या नाउरूने फॉस्फेट विकून मेलबर्नमध्ये ५२ मजली इमारत बांधली आणि फॉस्फेट सरताना तीही विकली. तिकडच्याच तुवालूला इंटरनेटच्या पत्त्यातल्या आपल्या देशाच्या अक्षरांचं (.tv) भाडं मिळतं. या दोन ओळी तुझ्या उत्तराला पुरेत.

आता मराठवाडा. २०२५ मध्ये १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनीच, बीडला रेल्वे पोहोचली. माणसांनी आनंद केला, तो रास्तच होता, पिढ्यांनी वाट पाहिली होती. लातूरला धावपट्टी वर्षानुवर्षं आहे, नियमित प्रवासी सेवा काही टिकलेली नाही. रेल्वे आली की काय होईल हे रेल्वे ठरवत नाही. त्या डब्यांतून काय बाहेर जातं आणि काय आत येतं, यावर ठरतं. कच्चं सोयाबीन गेलं आणि पिशवीबंद तेल आलं, तर बाजारपेठ फक्त जवळ आली. मजूर स्वस्तात पुण्याला गेला, तर दार उघडलं ते जाण्यासाठी.

उलट उदाहरण तुझ्या खोलीपासून फार लांब नाही. लातूरच्या डाळमिलला जाऊन बघ. तूर येते, हमाल उतरवतो, चाळणीवर जाते, तेल-पाणी लावून सुकवतात, भरडतात, पॉलिश होते. डाळ देशभर जाते. चुनी दुभत्या जनावरांच्या पेंडीला जाते, टरफलंही फुकट जात नाहीत. बारदाना शिवणारा, गिरणीची यंत्रं दुरुस्त करणारा, ट्रकवाला, अडत्या, प्रत्येकाच्या हातातून पैसा फिरतो, आणि गिऱ्हाईक एक नसून हजार आहेत. बाहेरच्या जिल्ह्यांतून शिकायला आलेली पोरंसुद्धा लातूरची निर्यातच आहेत असं मी म्हणतो. त्यांच्या खोलीचं भाडं, खानावळ, झेरॉक्स, शिकवणीची फी हा बाहेरून आलेला पैसा आहे, आणि पोळ्या लाटणाऱ्या बाईपर्यंत तो पोहोचतो. पण फॉकलंडच्या माखुळासारखा तोही एखाद्या वर्षी आटू शकतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते वर्ष लातूरने विसरू नये.

तू विचारलंस खरं काय धरायचं. दोन्ही खरं आहे. ज्या भागात पैसा थांबवणारे धंदे आधीपासून आहेत, तिथे रस्ता आणि रेल्वे त्यांना दहा गिऱ्हाईकं आणून देते. तिथे लोक म्हणतात ते खरं. जिथे तसे धंदे नाहीत, तिथे तीच रेल्वे पैसा आणि माणूस दोन्ही लवकर बाहेर नेते. तिथे सेंट हेलेना खरं. उत्तरात हे लिहिताना १९६६ ची गिरणी, १९८७ चे परवाने आणि २०१७ चं विमान, या क्रमाने लिही. तपासणाऱ्याला तुझा मुद्दा आकड्यांतूनच दिसेल.

आणि परीक्षेपलीकडे जायचं असेल, तर उदगीर तालुक्याची माहिती काढ. बँकांच्या शाखांमधल्या ठेवी आणि कर्ज जिल्ह्याच्या वार्षिक पतआराखड्यात आणि अग्रणी बँकेच्या आढावा बैठकीच्या कागदांत मिळतात, मागितले तर देतात. बाजार समितीतून आवक घे. ती कुठे जाते ते अडत्यांना विचार, दोन-चार जणांना विचार, कारण प्रत्येक जण आपलंच सांगतो. सुट्टीत गावी गेलास की किराणा दुकानदाराला विचार, शंभर रुपयांच्या मालात उदगीर-लातूरचा किती आणि बाहेरचा किती. आलेले आकडे मला पाठव, पुढचं गणित मिळून करू.